झाकलेले निखारे

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: थंडीतला रविवार आहे. दुर्गजवळ शिवनाथ नदीच्या काठी एक कुटुंब गोवऱ्यांच्या आगीत कणकेचे रोडगे भाजायला आलं आहे. साल १९५८. दुर्गच्या पलीकडे भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. काठावर दहा वर्षांची रुक्मा आहे, आणि तिचे वडील कृष्णराव, जे रेल्वेत मालधक्क्यावर काम करतात.

कृष्णरावांनी तिला आग करायला शिकवलं. आधी भोवतालचं वाळलं गवत खरवडून काढलं. उघड्या मातीवर गोवऱ्या रचल्या, दगड लावले, वारा नदीकडे वाहतो आहे हे पाहून मगच काडी ओढली.

त्यांच्याबरोबर कृष्णरावांच्या गावचा टिकारामही आला होता. सोमवारी कारखान्याच्या कामासाठी एक ठेकेदार त्याला डोक्यावर ओझं देऊन चालवून बघणार होता. काम मिळालं तर तो बायकोमुलांना इकडे आणणार होता. तो सहावा रोडगा फोडू लागला तेव्हा कृष्णराव म्हणाले, "उद्या ओझं उचलशील का पोट?"

जेवणं झाल्यावर कृष्णरावांनी रुक्माला आग विझवायला सांगितलं. पाणी टाकायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी टाकायचं, आणि हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना हे बघायचं. पण बादली घेऊन उतार उतरायचा तिला कंटाळा आला. रोज रात्री आई चुलीतले निखारे राखेनं झाकते, तसे तिनं ते झाकले. वर माती लोटली. आई ते सकाळपर्यंत जिवंत राहावेत म्हणून झाकते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पातेलं उचलायला टिकाराम अनवाणी आला आणि त्याचा पाय त्या मऊ राखेत रुतला.

तळवा पार भाजला. सोमवारी ठेकेदाराच्या माणसानं त्याला लंगडताना पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं. एखादा निखारा बाहेर घरंगळला असेल, असं कृष्णराव म्हणत राहिले. रुक्मानं ते तसंच चालू दिलं.

गुरुवारी टिकाराम गावी परत निघाला. रुक्मा त्याच्या मागोमाग स्टेशनवर गेली.

"काकाजी, मी पाणी टाकलंच नव्हतं. नुसतं झाकलं होतं."

टिकारामनं पिशवी खाली ठेवली.

"मंग त्याच दिवशी कावून नाही सांगितलं?"

जाऊ दे, असं तो म्हणाला नाही. गाडी आली. पिशवी खांद्याला लावून, पाय जपत, तो डब्यात चढला.

रुक्मा घरी गेली नाही. ती सरळ मालधक्क्यावर गेली. कृष्णराव हमालांशी बोलत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागली.