नागूची जागा

“पर डाक्टर, मग मला मातीत बसवतेत कसं?” माझ्या बायकोनं, नागूनं विचारलं.

सोलापूरच्या दवाखान्यातले ते तरुण डॉक्टर माझ्याकडं बघू लागले. बाई काय म्हणतेय ते त्यांना कळेना. त्यांनी आत्ताच आम्हाला समजावून सांगितलं होतं, की गुडघ्याजवळची गाठ म्हणजे हाडाचा कॅन्सर आहे, लाखात एखाद्याला होणारा, आणि उजवा पाय मांडीपासून काढला तरच काही आशा आहे. हे ऐकून बाई रडेल, अशी त्यांची तयारी असावी. मला मात्र नागूचं बोलणं लगेच कळलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, भस्म लावतात आणि मग माती देतात. एका पायाच्या बाईला मांडी कशी घालायची, हा तिचा प्रश्न होता.

“आधी जगायचं बग की,” मी म्हणालो. “मरायची कामून घाई?”

“घाई न्हाई. पर कवातरी बसायचंच हाय ना? मी अर्धी न्हाई जायची. घरला चला.”

दोन दिवस ती हटली नाही. मी कचेरीतला कारकून. समजूत घालण्यापेक्षा लोकांना उद्या या म्हणून सांगण्याचा सराव जास्त. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लेकरासाठी तरी जग, असंही म्हणता येईना. माझ्यासाठी जग, हे म्हणायची मला लाज वाटली. आज वाटतं, तेवढं म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी वैतागून बोलून गेलो, “पाय काय फेकून देणार हाय का मी? गावाकडं घिऊन जातो, आपल्या समाधीच्या जागंत पुरतो. तू म्हातारी होऊन ये मागनं आन् बस त्याच्याजवळ.”

मी रागानं बोललो होतो. नागूनं ते खरं धरलं. तिनं गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं.

“ह्याच्यावर हात ठिवून सांगा.”

मी सांगितलं. तिनं कागदावर सही केली.

ऑपरेशन झालं त्याच दुपारी तिच्या भावाला, रेवणसिद्धला, तिच्यापाशी बसवून मी लातूरची एस.टी. पकडली. पाय मिठात घालून, धोतरात गुंडाळून, वरून चादरीत बांधला होता. कुणी हटकलं तर असावी म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी खिशात होती.

“गाठुडं टपावर टाका की, मामा,” कंडक्टर म्हणाला.

“बायकोचं सामान हाय. राहू द्या.”

“फुटायचं हाय का काही?”

“न्हाई. पर राहू द्या.”

त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत मी चारचौघांत तिचा हात कधी धरला नव्हता. त्या दिवशी औसा येईपर्यंत तिचा पाय मांडीवर घेऊन बसलो. तुळजापूर सोडलं आणि मला रडू आवरेना. शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता खिडकी लावून घेतली.

औशाहून गावी पोचलो ते थेट आमचे विधी करणाऱ्या स्वामींच्या दारात. त्यांना सगळं सांगितलं.

“शरणप्पा, जितं माणूस हाय. तिचा पाय आत घ्यायचा म्हंजी अभद्र. कुंपणाच्या भाईर, कडंला पुर.”

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. जमीन दगड झाली होती. कुदळ मारली की हात झिणझिणायचे, आणि हात तर कारकुनाचे. गुडघाभर खड्डा व्हायला अंधार पडला. सोलापूरला परतल्यावर नागूनं पहिलं तेच विचारलं. मी म्हणालो, “आत पुरला. लिंबाखाली.” कुंपणाबाहेरचं सांगायची हिंमत झाली नाही.

पुढं इंजेक्शनं झाली, केस गेले. घरी आल्यावर ती पाटावर बसून भाकरी थापायची आणि कुबडी चुलीजवळ आली की तिच्याशीच भांडायची. दर सोमवारी मात्र मला विचारायची, “जागा नीट हाय ना?”

“नीट हाय.”

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं. जिल्ह्याकडं जाणारे रस्ते रुंद व्हायला लागले, तेही दुष्काळी कामातून, म्हणजे लोकांना मजुरीही मिळत होती. आमच्या गावच्या कामावरच्या मजुरांची यादी माझ्याच अक्षरात होती. रस्ता स्मशानाच्या कडेनं जाणार हे मला ठाऊक होतं. किती कडेनं, हे बघायला मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो. गेलो त्या दिवशी खडी पसरून झाली होती आणि तिच्यावरून रोलर फिरत होता. दोन बाया डोक्यावर पाटी घेऊन नेमक्या पाय पुरलेल्या जागेवर लिंबाच्या सावलीला उभ्या होत्या. कुणाला काय सांगणार? घरी आलो. सोमवार होता.

“जागा नीट हाय ना?”

“नीट हाय,” मी म्हणालो, आणि हात धुवायला परसात गेलो.

वर्ष भरायच्या आत दुखणं छातीत गेलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. एका सकाळी तिला चमच्यानं पेज भरवत होतो.

“रस्ता झालाय म्हणं तिथनं,” ती म्हणाली.

मी चमचा वाटीत ठेवला. “कुणी सांगितलं?”

“टँकरवर पाणी भरताना बाया बोलतेत. तुमाला खणताना बघितलंतं त्येंनी. दिवाळीच्या आगुदरच कळालं मला.”

“मग दर सोमवारी इचारत कामून होतीस?”

“तुमी नीट हाय म्हणलं की मला नीट वाटायचं.” तिला धाप लागली. ती थांबली. “मी रागावले न्हाई. पर बसवताना मला तिरकं होऊ देऊ नका. समदं गाव बगतंय, लाज वाटती.”

मी हो म्हणालो. या वेळी तिनं लिंगावर हात ठेवायला लावलं नाही.

चार दिवसांनी ती गेली. रेवणसिद्धनं कुंपणाच्या आत, लिंबाखाली खड्डा खणला. तिला खाली उतरवलं, डावा पाय दुमडला, तळहातावर लिंग ठेवलं. उजव्या बाजूला काहीच नव्हतं. सरळ बसवलं की ती कलायची. कुणी म्हणालं, वाळूचं पोतं लावा. कुणी म्हणालं, पेंढी आणा. लोक खाली वाकून बघत होते.

मी चपला काढल्या आणि खड्ड्यात उतरलो. तिच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसलो, माझा डावा गुडघा तिच्या रिकाम्या लुगड्याखाली सारला आणि खांद्यानं तिला धरलं. ती सरळ झाली. स्वामींनी मंत्र पुढं चालू केला.

“टाका माती,” मी म्हणालो.

लोक बिचकत टाकू लागले. माती कोरडी होती, भराभर खाली येत होती. कमरेपर्यंत आली तेव्हा रेवणसिद्धनं वरून हात दिला.

“दाजी, या वर. बसली ताई.”

मी मातीतून माझा गुडघा हळूहळू सोडवून घेतला. नागू हलली नाही.