आमच्याकडं चालतंय

“बाई, तुमच्या यंत्रानं मला परत नगं म्हटलं.”

आवाज मी लगेच ओळखला. महिन्यात तिसऱ्यांदा येत होता. विट्याच्या पुढं माळावर कुठंतरी शेत असलेल्या या मावशी. त्यांच्या फोनमध्ये कायम वारा आणि मेंढरं. मी सवयीनं तक्रारीचा फॉर्म उघडला, त्यांचा मोबाईल नंबर टाकला आणि खाली लिहिलं: पाण्याची पाळी रद्द होते.

“मावशी, आमच्याकडं तर चालतंय,” मी म्हणाले.

“तुमच्याकडं चालतंय, पर तुमच्याकडं डाळिंबं न्हाईत.”



मी संयोगिता. कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. चारजण प्रोग्रॅम लिहितात आणि तो बंद पडला की लोकांची बोलणी खायला मी. पाच वर्षं हेच करतेय. प्रोग्रॅम बंद पडल्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस आजारी पडतो तिथं यंत्राचं काय. पण तो का बंद पडला याची जी कारणं हे लोक सांगतात, ती ऐकून मला आधी राग यायचा. मग हसू यायला लागलं. मग ती लिहून ठेवायला मी एक वही घातली.

वहीत सगळ्यात जास्त पानं राजवर्धनची. पोरगा हुशार, इस्लामपूरजवळच्या गावचा, हाताला वेग असा की बघत राहावं. पण चूक कबूल करायची म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. ‘कुपवाडची लाईट गेली होती ना, त्याचा हा परिणाम.’ लाईट गेली होती आदल्या आठवड्यात. ‘लोक बोट फार जोरात दाबतात.’ ‘हा बिघाड नाही, ही सोय आहे, त्यांना वापरता येत नाही.’ एकदा तर सांगलीतली आर्द्रता म्हणाला. आणि काहीच सुचलं नाही की हुकमाचा एक्का: ‘ते शंभूराजनं लिहिलंय.’

शंभूराज नोकरी सोडून पुण्याला गेला त्याला दोन वर्षं झाली. बिचारा तिथं सुखात असेल. इथं मात्र रोज त्याच्या नावानं बिलं फाटत होती.

ही सगळी कारणं मी शेतकऱ्यांच्या भाषेत करून त्यांना पोचवायचे. खोटं त्याचं, पण बोलायचं माझ्या तोंडानं.

या मावशींची गोष्ट अशी होती. त्यांच्याकडच्या पाणी संस्थेला आम्ही सहा महिन्यांपूर्वी एक प्रोग्रॅम करून दिला होता. दर पंधरा दिवसांनी शेतकऱ्यांना फोनवर मेसेज जातो: पाणी हवं असेल तर आपलं नाव लिहून पाठवा, नको असेल तर तसं कळवा. बुधवारी संध्याकाळी पाचला यादी बंद. गुरुवारपासून यादीप्रमाणे पाणी सुटतं. यादीत नाव नसेल त्याची पुढची पाळी पंधरा दिवसांनी.

डाळिंबं लावल्यावर मावशींनी पहिल्यांदाच पाणी मागितलं होतं आणि लागोपाठ दोन पाळ्या गेल्या होत्या. पहिल्यांदा आम्ही त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्यांदा शंभूराज. आज परत बुधवार होता आणि घड्याळात एक वाजून गेला होता.

“दोनशे रोपं हायती,” मावशी सांगत होत्या. “घागरीनं पानी आनती आन् येकेकाला तांब्या तांब्या घालती. महिना काढला तसा. पानं गळाय लागल्यात. आजबी यादीत न्हाई आले तर जळत्याली, बाई. निम्मी मेंढरं इकून लावल्यात ती.”

त्या रडल्या असत्या तर मी धीर दिला असता. त्या रडल्या नाहीत, नुसतं सांगितलं. मला माझीच लाज वाटली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि राजवर्धनच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो पुडीतनं भडंग खात होता.

“तूच ऐक,” मी म्हणाले.

“अगं, पण आपल्याकडं चालतंय,” तो भडंग चावत म्हणाला. “बाकी तीनशे लोकांचं येतंय की बरोबर. ह्याच काहीतरी चुकीचं लिहीत असतील.”

“मावशी, मेसेजमध्ये तुम्ही नेमकं काय लिहिता?” मी विचारलं.

“काय लिवनार? नाव. चौथीपातुर शिकल्याली हाय मी. सोताचं नाव येतंय मला.”

“कुठलं नाव?”

“नकुसा.”

महिनाभर मी या बाईशी बोलत होते आणि नाव आज पहिल्यांदा विचारलं होतं. आमच्या फॉर्ममध्ये मोबाईल नंबराला जागा होती. नावाला नव्हती.

राजवर्धनचं चावणं थांबलं होतं.

मला सहा महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. हा पठ्ठ्या टेबलाटेबलावर कंदी पेढे वाटत फिरत होता. ‘आपली माणसं काय पुस्तकातला नको लिहितात व्हय? कुणी नगं लिहितो, कुणी नकु, कुणी नकोय, कुणी नकोच यावेळी. मी सगळं पकडलंय. सुरुवातीची अक्षरं बघायची, पाळी रद्द. पुण्याच्या पोरांना सुचेल का हे?’ आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. मीही दोन खाल्ले.

नकु. पुढं सा.

त्यानं प्रोग्रॅम उघडला. प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव संगणक आपोआप ठेवतो, हे मला पाच वर्षांत एवढं कळलं होतं. मी वाकून बघायच्या आधीच विचारलं, “शंभूराज?”

“नाही,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की खालच्या लेथनं तो जवळजवळ गिळलाच. “मीच.”

मावशींना थांबायला सांगून मी दुसऱ्या फोनवरून, स्पीकर लावूनच, संस्थेच्या नाथाजींना काय झालंय ते सांगितलं. नाथाजी सचिव. माणूस वाईट नाही, पण कटकटीचं वावडं.

“आवं, त्यात काय येवढं?” ते म्हणाले. “दुसरं नाव टाका की तिचं. सुनीता टाका, संगीता टाका. पानी मिळाल्याशी मतलब. कवाधरनं सांगतोय मी तिला, बदल ते नाव.”

राजवर्धन माझ्याकडं बघायला लागला. दोन मिनिटांचं काम होतं. सुनीता टाकलं की मामला मिटला. प्रोग्रॅमला हात लावायला नको, कुणाला काही सांगायला नको. मला त्याच्या डोळ्यांत ती सुटका स्पष्ट दिसली.

मी मावशींना विचारलं.

“सुनीता कोन?” त्या म्हणाल्या. “सातबाऱ्यावर नकुसा हाय. तीस वरसं मेंढरामागं चालून ही जिमीन घेतली, ती सुनीताची कशी वं? मागं शाळंत नकुसा पोरींची नावं बदलली, तवा भाचीचं बदललं माज्या. चांगलं झालं, ल्हान हाय ती. मलाबी म्हनले सगळी. पर आता ह्या नावानं लय काम करून बसले मी. ते सोडून कुटं जाऊ?”

राजवर्धननं भडंगाची पुडी बंद केली आणि खुर्ची पुढं ओढली.

तीन तास तो उठला नाही. ओळ बदलणं सोपं होतं, पण ती बदलली की खरंच ‘नकु’ लिहिणारेही यादीत यायला लागले. मग दुसरं मोडलं, मग तिसरं. शेवटी त्यानं वाट बदलली. आधी संस्थेच्या खातेदारांची नावं बघायची, त्यात नाव सापडलं तर ते माणूस. नाही सापडलं तरच ते नको. पहिल्यापासून असंच असायला हवं होतं, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. तीन तासांत त्यानं एकदाही लाईटीचं नाव काढलं नाही.

साडेचारला त्यानं स्वतःच्या फोनवरून ‘नकुसा’ लिहून पाठवलं. ‘आपलं नाव यादीत घेतलं आहे’ असं उत्तर आलं. त्यानं ती नोंद पुसली, मग मी मावशींना पाठवायला सांगितलं. आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. चार चाळीसला यादीच्या तळाला नाव उमटलं.

“आलं बाई, आलं!” मावशींचा फोन आला. “घेतलं म्हनतंय!”

मी काही बोलायच्या आत राजवर्धननं फोन मागून घेतला.

“मावशी, ते काय झालं होतं, सिस्टीममध्ये एक...” तो अडखळला. मग इतकी वर्षं ऑफिसात जपलेली भाषा सोडून गावाकडचं बोलायला लागला. “मावशी, सिस्टीमचं काय न्हाई. म्या चुकलो. नको लिवणाऱ्यांची पाळी रद्द करायची, असं म्याच लिवलं हुतं. तुमचं नाव त्यात सापडलं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई की असं कुणाचं नाव असतंय. तुमच्या दोन पाळ्या माझ्यामुळं गेल्या.”



“माज्या आज्यानं चौथी पोरगी बगून म्हटलं, नगं,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या यंत्रानंबी म्हटलं, नगं. माज्या मनात आलं, ह्येबी आज्यावरच गेलंय. पर आज्याला कुनी दुरुस्त केलं न्हाई, लेकरा. ह्येला तू केलंस.”

राजवर्धननं माझ्याकडं हात पुढं केला. “वही दे.”

वही त्याला माहीत होती हे मला माहीत नव्हतं. मी दिली. त्यानं तारीख घातली आणि लिहिलं: नकुसामावशींची पाळी, चूक माझी. खाली सही केली. मी त्याच संध्याकाळी तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घेतला, सगळ्यात वर. नाव.

गुरुवारी दहाच्या सुमारास त्यानं आपणहून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाकीचे तिघंही खुर्च्या सरकवून जवळ आले.

“मावशी, राजवर्धन बोलतोय. पाणी आलं का? चालतंय का?”

पाटाचं पाणी फोनमधनं ऐकू येत होतं. त्यात राहिलेल्यांतलं एखादं मेंढरू ओरडत होतं. मावशी धापा टाकत होत्या, बहुतेक पाण्याला वाट करून देत, दारं धरता धरता फोन घेतला होता.

“माज्याकडं चालतंय,” नकुसामावशी म्हणाल्या. “तुमच्याकडं?”

तेवढ्यात खालचं लेथ सुरू झालं, तसा सबबींचा हा राजा उठला आणि खिडकी लावून आला. पाणी आम्हाला आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.