कानाला लावलेला स्क्रू-ड्रायव्हर

मी लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर बोलतोय. स्क्रू मी आयुष्यात फार थोडे पिळले. माझं काम वेगळंच होतं. चालू इंजिनावर माझं टोक टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. कुठलं बेअरिंग सैल झालंय, कुठला व्हॉल्व्ह वाजतोय, सगळं. माझे मालक गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी मला कानाला लावलं. माझी मूठ एका बाजूने काळी चकचकीत झालीय, ती त्यांच्या कानामुळे.

मिस्त्री डोळे मिटून ऐकायला लागले की गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही. मला फार भारी वाटायचं, खोटं कशाला सांगू!

एकदा एक टॅक्सीवाला आला. त्याच्या इंजिनात बेअरिंग खडखडत होतं. मी तो आवाज नेहमीसारखाच मुठीपर्यंत आणून दिला. मिस्त्री म्हणाले, "काही नाही. टकाटक आहे. घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी ती टॅक्सी दोरीने ओढत परत आली. मिस्त्रींनी मला उलटसुलट करून पाहिलं. "याच्यात आता दम राहिला नाही," म्हणाले, आणि नवा स्क्रू-ड्रायव्हर आणला.

त्यांचा मुलगा गॅरेजातच काम करायचा. तो हसत म्हणाला, "बाबा, स्क्रू-ड्रायव्हर कधी बहिरा होतो का?"

बोलून गेला आणि बाबांच्या कानाकडे बघत राहिला. नव्याची मूठ मिस्त्रींच्या कानालाच होती. त्यांनी ती हळूच खाली घेतली.

त्या संध्याकाळी ते मला खिशात घालून घरी आले, ते परत गॅरेजला गेलेच नाहीत. मला समोरच्या खोलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तो ड्रॉवर नीट बसत नाही, दोन बोटं उघडा राहतो. तेवढ्या फटीतून मी घर ऐकतो.

घरात माणसं दोनच, मिस्त्री आणि त्यांची बायको. ती स्वयंपाकघरातून काही सांगायची. हे विचारायचे, "काय म्हणालीस?" ती पुन्हा सांगायची, मग ओरडून सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "काही नाही. जाऊ दे."

बाकीचं नाही कळलं तरी हे "काही नाही" त्यांना बरोबर कळायचं. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. नुसती मान डोलवायची. पाहुणे हसले की आपणही हसायचं, जरा उशिरा.

"तुमच्यापेक्षा भिंत बरी, उगाच मान तरी डोलवत नाही," बायको एकदा म्हणाली. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यानंतर तीही बोलेनाशी झाली.

मुलाने कानाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ऐकू येण्याचं मशीन आलं. मिस्त्रींनी ते एक दिवस घातलं. "भांडी ओट्यावर नाही, माझ्या डोक्यात आपटतात," म्हणाले, आणि डबीत घालून माझ्याशेजारी ठेवून दिलं. आठ महिने आम्ही दोघे ऐकणारे तिथे पडून होतो.

मग एका दुपारी बायकोने टीव्ही बंद केला, खुर्ची ओढली आणि खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी त्यांच्या समोर बसली. गुडघ्याला हात लावला. ओरडली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला हे सगळं सांगितलं होतं, तिने आजवर केलं मात्र नव्हतं.

"अहो, नवे पिस्टन टाकल्यावर गिऱ्हाइकाला काय सांगायचात?"

"हजार किलोमीटर हळू चालवा. लगेच दामटू नका."

"मग हे मशीन एका दिवसात का दामटलंत?"

"अखेर बोलायला लागलीस म्हणायची," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन कानात अर्धा तास, मग तास, मग जेवण होईपर्यंत. डबी सकाळी बाहेर जाते. आता दिवसभर ड्रॉवरमध्ये मी एकटाच असतो.

परवा मिस्त्री ओरडले, "अगं, हा फ्रिज कधीपासून कण्हतोय?"

"तीन वर्षं झाली! सांगत होते, तुम्ही मान डोलवत होतात."

ते उठले, ड्रॉवर उघडला आणि मला उचललं. माझं टोक फ्रिजच्या मोटरवर टेकवलं, डोळे मिटले, मूठ कानाकडे नेली. किती दिवसांनी! आणि मूठ कानाजवळ जाताच कानातलं मशीन कर्कश शिट्टी वाजवायला लागलं. मिस्त्रींनी मला झटकन दूर केलं. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा शिट्टी.

त्या कानात आता माझ्यासाठी जागा नाही.

त्यांनी माझ्या चकचकीत भागावरून अंगठा फिरवला आणि मला परत ठेवलं. तेवढ्यात आतून बायकोने काहीतरी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "काय म्हणालीस?" मी श्वास रोखून बसलो. पावलं वाजली. ती बाहेर आली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "चहा टाकू का?"

एवढंच विचारायचं होतं. पण "काही नाही" म्हणाली नाही.

तुमच्याही घरी कुणी "काय म्हणालास?" असं विचारत असेल, तर उठून त्याच्या समोर जा, बाबांनो. चार पावलांचं काम असतं. आणि माझं म्हणाल, तर हा ड्रॉवर कुणी दुरुस्त करू नका. दोन बोटं उघडा राहू द्या. तेवढ्या फटीतून मला दोघांचं बोलणं ऐकू येतं.