भावाचं सगळे ऐकतात

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पण पोपटाचा नव्हे. दौंडच्या कोर्टात आरोपीला उभं करतात, तो मी.

केडगावच्या सुतारानं एकाच सागाच्या ओंडक्यातून दोन पिंजरे घडवले. माझा भाऊ साक्षीदारांसाठी न्यायाधीशांच्या शेजारी गेला, मी मागच्या भिंतीशी आलो. भावाचा कठडा धरून कुणी 'खरं सांगेन' म्हटलं, की सगळं कोर्ट कान टवकारतं. माझ्यातला माणूस मात्र मुकाट उभा. त्याच्या वतीनं वकील बोलणार. फडका मारायलासुद्धा शिपाई आधी भावाकडे जायचा. मी आतल्या आत जळत राहायचो.

मग इशरत आली. कुरकुंभच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती पोळ्या करायची. नळावरच्या भांडणात शेजारच्या म्हस्कूचं डोकं फुटलं होतं. दगड हिनंच मारला, असा आरोप होता. शिक्षा झाली तर काम जाणार, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तुम्हाला फुकट वकील मिळेल. तो तुमचा हक्क आहे."

"नको मॅडम. आधीच्या वकिलांनी काय झालं ते येकदाबी इचारलं न्हाई. माझं मीच बोलते."

"ठीक आहे. मन बदललं तर कधीही सांगा."

बाईंनी तिला सगळ्या कागदांच्या प्रती दिल्या, वाचायला वेळही दिला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. अखेर माझ्यातून कुणीतरी बोलणार होतं!

पुढच्या तारखेला शेजारीण सिंधूबाई साक्षीला उभी राहिली. ती पुटपुटत बोलली. इशरतनं टाचा उंचावल्या, कानामागे हात धरला.

"मॅडम, मला हितनं काय बी ऐकाय येत न्हाई."

ती आता पुढे जाणार, हे मी ओळखलं. जाऊ नकोस गं! ओरडून बोल, पण माझ्यातूनच बोल.

सरकारी वकील उठले. "आरोपीची जागा पिंजऱ्यातच आहे."

"वकिलाची जागा टेबलाशी असते, आणि आज तिची वकील तीच आहे," बाई म्हणाल्या. "या पुढे. सिंधूबाई, पुन्हा सांगा. मोठ्यानं."

"म्हस्कू वरडला तवा मी घरातनं भाईर आले. हिनं दगड मारला."

इशरत उसळली. "खोटं हाय! ह्यांच्या मनात पहिल्यापासनं..."

"तुमचं म्हणणं सांगायला वेगळी वेळ देईन. आता फक्त प्रश्न विचारा."

इशरत सिंधूबाईकडे वळली. "मावशी, तुम्ही भाईर आलात तवा त्येचं डोकं फुटलेलं हुतं का?"

"व्हय. रगात येत हुतं."

"मंग दगड मारताना तुम्ही पाह्यलं?"

सिंधूबाईनं माझ्या भावाचा कठडा घट्ट धरला. "न्हाई. म्हस्कूनं सांगितलं."

म्हस्कूची साक्ष झाली तेव्हा त्यानंही कबूल केलं, की दगड पाठीमागून आला. कुणी मारला ते त्यानं पाहिलं नव्हतं. इशरत निर्दोष सुटली. ती टेबलाशीच ढसाढसा रडली, डोळे पुसले आणि निघून गेली. माझ्याकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भावाचा हेवा मला अजून वाटतो, मित्रांनो. त्या टेबलाचा तर जास्तच. पण ती माझ्यातच उभी राहिली असती, तर आज तुरुंगात असती, हेही मला कळतं. म्हणून मला पॉलिश नको, फडकाही नको. तुमच्या वर्गात, गल्लीत कुणावर आळ आला, तर त्याला कोपऱ्यात उभं करून निकाल लावू नका. आधी पुढे बोलवा. आणि विचारा, "तुझ्याबद्दल काय बोलले, ते तुला ऐकू आलं का?"