पिशवी शिकतेय

"झालं का हो, बाई?" नर्सने बाथरूमच्या दारावर टकटक केली.

"होतंय," आतून खेळाच्या बाई म्हणाल्या. होत काहीच नव्हतं.

ऑपरेशन काल झालं होतं आणि लघवीची नळी आज सकाळी काढली होती. नळ सोडून झाला, देवाचं नाव घेऊन झालं. चार थेंब आले आणि संपलं. नऊ वर्षं जे शिंकताना, हसताना, मैदानावर शिट्टी फुंकताना न विचारता व्हायचं, ते आज विनवण्या करूनही होईना. बाईंना आधी हसू आलं, मग रडू.

नर्सने पोटावर मशीन फिरवून पाहिलं. "साडेतीनशे मिली आतच आहे. नळी पुन्हा घालावी लागेल. आठवडाभर घरी घेऊन जा."

"म्हणजे ऑपरेशन फसलं?"

"छे हो! खाली आधाराची पट्टी बसवलीय ना, त्यामुळे इतकी वर्षं सैल असलेलं दार आता नीट लागतंय. लघवीच्या पिशवीला त्याची सवय नाही. शिकेल हळूहळू. फक्त कुंथू नका. थोडं पुढे वाकायचं आणि वाट बघायची."

वाट बघणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर मुलींना पळायला लावलं होतं. स्वतः मात्र हल्ली खुर्चीत बसून शिकवायच्या. संध्याकाळचं नवऱ्याबरोबरचं फिरणंही त्यांनी कधीच सोडलं होतं. कारण विचारलं की गुडघ्यावर ढकलायचं. खरं काय ते नवऱ्याला कळलं ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना.

"एवढंच होतं होय?" तो म्हणाला होता. "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस."

आठवड्याने नळी निघाली. धार बारीक यायची, मध्येच थांबायची. उठून, दोन पावलं चालून, पुन्हा बसायचं.

"घाई नाही गं, मी इथेच आहे," नवरा दाराबाहेरून धीर द्यायचा.

"अहो, तुम्ही तिथे आहात म्हणूनच होत नाहीये! जा तिकडे!"

तिसऱ्या आठवड्यात उलटंच सुरू झालं. घरात पाऊल टाकलं की बाथरूमकडे पळत सुटावं लागे. बाई हबकल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "काही जणींना होतं असं. पिशवी अजून बिचकतेय. थोडं थोडं थांबायला शिकवा तिला." बाई शिकवत राहिल्या. आधी एक मिनिट, मग पाच. दोन महिन्यांनी एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या. त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. काहीच झालं नाही. शेजारच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "काय गं, चक्कर आली की काय?"

त्या रविवारी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "ताईकडे जाऊन येते."

ताईचं गाव बसने पाच तासांवर. भाचीच्या लग्नाला बाई गेल्या नव्हत्या. स्पर्धा आहेत म्हणून कळवलं होतं. तेव्हापासून ताईचा फोन येणं बंद झालं. ताईही कधी आली नाही. तो रागच आहे, असं बाई समजल्या.

दार उघडल्यावर ताई केवढी तरी म्हातारी दिसली. "आलीस? स्पर्धा संपल्या वाटतं."

"ताई, स्पर्धा नव्हत्याच." बाईंनी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसमधली भीती, पिशवीत कोंबलेल्या जादा साड्या, ऑपरेशन, नळी, सगळं. "लग्नात सगळ्यांसमोर काही झालं असतं, तर तुलाच मान खाली घालावी लागली असती. म्हणून आले नाही."

ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि मी तुझ्याकडे का आले नाही, ते कधी विचारलंस?"

"का?"

 ताई सावकाश खुर्चीवर बसली. खुर्चीतल्या उशीच्या अभ्र्याखाली घातलेला प्लास्टिकचा कागद चुरचुरला. तिने नजर खिडकीकडे वळवली.

बाई पुढे झाल्या आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसल्या. ताई हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई... जास्त प्रश्न तर नाही ना विचारत?"

"विचारतात," बाई म्हणाल्या. "मी येईन ना बरोबर."