माळाची वाटणी

कडेगावच्या पलीकडच्या माळावर आठ बौद्ध कुटुंबं वेगवेगळ्या गावांतून येऊन राहिली होती. सरकारनं त्यांना जमीन दिली, ती सगळ्यांनी मिळून कसायच्या अटीवर. पलटणीतून परतलेल्या आकाराम हवालदाराला त्यांनी प्रमुख केलं, आणि त्याची स्वस्थता गेली. बैल कुणी जुंपायचे, पाण्याची पाळी कुणाची, आजाऱ्याचं काम कुणी ओढायचं, सगळं त्याच्या दारात यायचं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळेच खडी फोडायला गेले. तेव्हा भांडायला कुणात त्राण नव्हतं. पुढं पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं आणि कुरबुरीही आल्या. सोपानला ऊस लावायचा होता, बाकीच्यांना शाळू. एका बैठकीत तो म्हणाला, "तात्या, वाटून टाकू. कागदावर ऱ्हाऊ द्या एकत्र. ज्याचं त्यो बघंल."

आकारामनं अडवायला हवं होतं. पण तो इतका दमला होता, की त्याला नुसतं बरं वाटलं. "करा," तो म्हणाला.

"मला वाटा दिला, तर नांगर कोन धरनार?" मनुबाईनं विचारलं. तिचा नवरा दुष्काळात गेला होता, मूलबाळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीनं माळ मोजून खुंट्या ठोकल्या, चिठ्ठ्या टाकल्या. विहिरीचा तुकडा आकारामला निघाला. सोपानच्या वाट्याला वरचा मुरूम आला. पाणी सगळ्यांचंच राहणार होतं, पण पाट आता आकारामच्या रानातून जाणार होता.

दुपारी सोपान आला. एरवी तरातरा ओट्यावर चढून भांडणारा माणूस अंगणातच उभा राहिला. टोपी हातात होती.

"तात्या, पाट तुमच्या रानातनं न्यावा लागंल. चालंल न्हवं?"

मागोमाग मनुबाई आली. "आकाराम, एक दिस तुजी बैलं देशील का रं?" तिनंही तसंच खाली बघून विचारलं.

आकाराम दोघांकडे बघत राहिला. इतकी वर्षं ही माणसं त्याच्या दारात भांडायला यायची. आता मागायला येणार होती. ते त्याच्यानं सोसवेना. तो उठला, रानात गेला आणि खुंट्या उपटायला लागला. सोपान बांधावर थोडा वेळ थांबला, मग दुसऱ्या टोकाकडून त्यानंही सुरुवात केली.

संध्याकाळी सगळे जमले. आकाराम म्हणाला, "रान एकत्रच ऱ्हाऊ द्या. पर परमुख मी न्हाई. सोपान हुईल."

"माजं कोन ऐकंल?"

"माजं तरी कोन ऐकत हुतं?"

त्या साली माळावर शाळू केला आणि विहिरीलगत थोडा ऊस. दिवाळीपर्यंत सोपानचे गाल बसले. आकाराम सांगितलेल्या पाळीला जायचा, कुणाच्या मधे पडायचा नाही. सोपानच्या दारात आवाज चढला की मात्र त्याचा घास हातातच थांबायचा.

"जेवा तुमी," बायको म्हणायची.

आणि तो जेवायचा.