लाल टोपणाची नळी

मित्रांनो, नळीतलं रक्त गरगर फिरवून तांबडं खाली आणि पिवळं पाणी वर करणारं मी एक जुनं यंत्र आहे. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. घडवणाऱ्यांनीच तशी खोड लावली. एका बाजूला थेंबभर जड झालं की मी थरथरतो. पूर्वी माझं फार कौतुक व्हायचं. आता नवं यंत्र आलंय आणि मला कोपऱ्यात ढकललंय. असो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर रक्तातले वाढीचे घटक कसे बदलतात, हे आमच्या डॉक्टरबाई तपासत होत्या. त्यातला एक घटक नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो. तो जखमेलाही लागतो आणि गाठीलाही. असल्या दोन्हीकडच्यांचा मला पहिल्यापासून संशय!

एका शिंपीकाकांचं रक्त ऑपरेशनआधी जांभळ्या टोपणाच्या नळीत आलं होतं. तीत रक्त गोठत नाही. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मात्र आलं लाल टोपणाच्या नळीत, गोठलेलं. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. पण मला विचारतो कोण? त्या घटकाचा आकडा आधीच्या चौपट आला आणि कागदावर लिहिलं गेलं, 'वाढ : चौपट'.

काकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ते वाचलं. त्यांना वाटलं, गाठच चौपट वाढली. त्यांनी कागद पिशवीत लपवला, पण शिंप्याची नजर ती, घडी बरोबर सापडली. काका भिंत धरत थेट आमच्या खोलीत आले. पुढची औषधं नकोत, घरी जातो म्हणाले.

"सगळे मिळून माझ्यापासून लपवताय ना?"

लॅबवाल्या ताईंनी नळी शोधली आणि कपाळावर हात मारला. रक्त गोठताना स्वतःच हा घटक सोडतं, म्हणून आकडा फुगला होता. काकांचं रक्त पुन्हा घेतलं, जांभळ्या टोपणात. नवं यंत्र अडकलेलं होतं, म्हणून माझी आठवण झाली. या वेळी आकडा दीडपट आला.

डॉक्टरबाई काकांजवळ स्टूल ओढून बसल्या. "काका, ही वाढ रक्तातल्या एका घटकाची, गाठीची नाही. टाके भरताना शरीर तो मागतंच. गाठ परत येईल का, ते मात्र यावरून मला सांगता येत नाही."

काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग काकूंना म्हणाले, "पुढच्या औषधाची तारीख विचारून घे."

त्या दीडपटीवरही माझा पुरता विश्वास नाही; महिन्याभराने पुन्हा मोजा म्हणेन. पण मित्रांनो, एक मागणं आहे. मला तेलपाणी नाही केलंत तरी चालेल. आजारी माणसाच्या हातात कागद द्याल, तेव्हा दोन मिनिटं शेजारी बसा, आणि त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐका.